बाई, कुत्रं कुठलं घिऊ?

“बाई, पोरगं ऐकंना झालंय. कुत्रं पाहिजे म्हणून बसलंय. कुठलं घिऊ, तुम्हीच सांगा की.”

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या कडेनं सकाळी मी माझ्या कुत्रीला, तांबीला घेऊन चालत असते, तेव्हा महिन्यातून एकदा तरी कुणीतरी थांबवून हे विचारतं. एकोणतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळं विचारणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीच जास्त असतात, आता स्वतः आईबाप झालेले. परवा तुम्ही दोघांनी स्कूटर थांबवून विचारलंत. शाळेची वेळ झाली होती, मागं बसलेला मुलगा तांबीकडं टक लावून बघत होता आणि मला दोन वाक्यांपलीकडं बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर लिहिते.

‘कुठलं’ ते नंतर बघू. मुलगा पाचवीत आहे म्हणालात, म्हणजे दहा वर्षांचा. कुत्रं चांगलं सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं जगतं. मुलगा बारावी होऊन पुण्याला नाहीतर बेंगळूरला जाईल, तेव्हा ते आठ वर्षांचं झालेलं असेल. आपल्या बेळगावची पोरं शिकायला बाहेर जातातच. मागं राहतात ती कुत्र्याची म्हातारपणाची वर्षं. डोळ्यांत मोतीबिंदू, पायरी चढताना थरथरणारे मागचे पाय, रात्रीत दोनदा बाहेर नेणं. ते कोण करणार? मी पाहिलेल्या प्रत्येक घरात हे आईनं केलंय. म्हणून हट्ट मुलाचा असला तरी होकार त्याच्या आईनं द्यायचा. ती मनापासून ‘हो’ म्हणत नसेल तर विषय तिथंच थांबवा. मुलगा चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी खेळायला जाईल.

मी याबाबतीत इतकी ठाम का, ते सांगायला मला जांबोटीकडं जावं लागेल.

आमचं मूळ घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख. मिरगात सुरू झालेला पाऊस तिथं गौरी-गणपतीपर्यंत हटत नाही आणि घराच्या मागच्या पायरीपासून रान सुरू होतं. मी चौथीत असताना आमच्याकडं मोत्या होता. पांढरा, एक कान काळा. तो गोठ्याची राखण करायचा आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याला रात्री गोठ्यासमोरच्या खांबाला साखळीनं बांधायचे. सगळ्या गावात तशीच रीत होती. सुटं कुत्रं रानात जातं, बांधलेलं राखण करतं, असं सगळे म्हणायचे. भाद्रपदातल्या एका रात्री तो भुंकला, मग केकाटला, मग गप्प झाला. आप्पा कंदील घेऊन बाहेर गेले तेव्हा खांबाला साखळी होती आणि साखळीला तुटलेला पट्टा होता. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. “वाघानं नेलं,” एवढंच आप्पा बोलले. मोत्याचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही. ती साखळी मात्र पुढं कितीतरी वर्षं त्याच खांबाला होती.

बिबट्याला कुत्रं सोपं सावज असतं आणि बांधलेलं कुत्रं तर त्याहून सोपं. त्याला पळता येत नाही, आडोशाला जाता येत नाही. रानाजवळच्या गावांतून आजही लोक मला कुत्र्याबद्दल विचारतात, त्यांना मी पहिलं हेच सांगते. राखणीसाठी पाळता ना, मग रात्री त्याला दार लावता येईल अशा खोलीत किंवा गोठ्याच्या आत घ्या. ते आतून भुंकलं तरी तुम्हाला जाग येते. त्यानं तुमची राखण करायची असेल तर त्याची राखण तुम्ही करायला हवी.

तांबी माझ्याकडं आली ती एका पावसाळ्यात. रस्त्याच्या कामासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या पाइपात एका कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. आठवडाभर झड लागली आणि दोन गेली. दोन नर होते, ते लोकांनी नेले. उरली ही तांबूस रंगाची, कारण ही मादी. “कुत्री नको बाई, पिल्लं होतात,” हे मी त्या आठवड्यात चार जणांच्या तोंडून ऐकलं. याच कारणानं मादी पिल्लं पोत्यात घालून बाजारात, पुलाखाली, हॉटेलाच्या मागं सोडली जातात. खरं तर एका ऑपरेशनचा प्रश्न असतो. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते. वर्षातून दोन वेळा पाच-सहा पिल्लं धरली तर ती जातात कुठं, हे रस्त्यावर दिसतंच. तांबीचं ऑपरेशन झालं, दहा दिवस टाके जपले आणि प्रश्न मिटला. नरांचंही करता येतं आणि करावं.

डॉक्टरांकडं पिल्लू घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी एक कार्ड हातात दिलं. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिलं इंजेक्शन, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचं, चार महिन्यांचं होईपर्यंत. ही पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांसाठी. तिसऱ्या महिन्यात रेबीजचं, मग त्याचा बूस्टर, पुढं दरवर्षी. जंताचं औषध वेगळं. हे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इतर कुत्र्यांच्या जागेत खाली सोडायचं नाही. या कार्डाबद्दल एक सांगते. इंजेक्शनच्या बाटलीवरचं छोटं लेबल डॉक्टर काढून कार्डावर चिकटवतात आणि शेजारी तारीख घालून सही करतात. माझ्या ओळखीच्या एका घरानं लॅब्राडॉरचं पिल्लू विकत आणलं. विकणारा म्हणाला, सगळी इंजेक्शनं झालीत. कार्डावर पेनानं तारखा होत्या, लेबल एकही नव्हतं. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण, सहाव्या दिवशी पिल्लू गेलं. पार्व्हो होता. त्या घरातली सात वर्षांची मुलगी अजूनही कुत्र्याच्या जवळ जात नाही. म्हणून आधी लेबल बघा, मग पिल्लाचं तोंड बघा. तोंड बघितल्यावर लेबल बघायचं भान राहत नाही.

रेबीजवर मी जरा जास्त बोलते, वर्गातही बोलायचे. आपण ज्या व्हॅक्सिन डेपोच्या सावलीत चालतो, तिथं एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. रेबीजची लस त्याच्या कितीतरी आधी आली. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरनं जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला ती पहिल्यांदा टोचली आणि पोरगं वाचलं. एवढी जुनी लस हाताशी असून आपल्याकडं आजही माणसं रेबीजनं मरतात. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळं सगळा खेळ लक्षणांच्या आधीचा. कुत्रं चावलं, दात नुसता लागला, ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर ज्या तारखा देतील त्या सगळ्या पाळा, दोन सुया घेऊन बरं वाटलं म्हणून थांबू नका. घरच्या पिल्लानं खेळता खेळता दात लावला तरीही डॉक्टरांना विचारा. माझ्या वर्गातल्या पोरांना ही पंधरा मिनिटं पाढ्यांसारखी पाठ होती.

आता ‘कुठलं घिऊ’ त्याकडं येते. तुम्ही मुधोळचं नाव घेतलंत. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, आपल्या शेजारीच. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, २००५ साली तिचं टपाल तिकीट निघालं आणि मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या कुत्र्यांसाठी केंद्र आहे. जात देखणी आहे, आपल्या मातीतली आहे, मला तिचा अभिमान आहे. पण ते सशामागं धावणारं शिकारी कुत्रं. त्याचे लांब पाय आणि आत गेलेलं पोट बघा, सगळं शरीर धावण्यासाठी झालंय. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते कुढत बसेल. शेत असेल, कुंपण असेल, रोज त्याला मोकळं पळवणारं कुणी तरुण असेल तर जरूर घ्या. हस्कीचं तर नावच काढू नका. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, म्हणून इथं बर्फातलं कुत्रं चालेल असं लोकांना वाटतं. चैत्र-वैशाखात त्या दुहेरी केसांच्या जिवाला फरशीवर पोट टेकून धापा टाकताना मी बघितलंय. तुमच्यासाठी मी गावठी सांगेन. आपला पाऊस, आपलं ऊन त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं आणि एक जीव रस्त्यावरून कमी होतो. फक्त आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नका. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू भावंडांत खेळूनच शिकतं.

खायला घालण्यात लोक जास्त चुकतात, तेही प्रेमानं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांतलं काही नको. शिजवलेलं कोंबडीचं हाड फुटून घशात, आतड्यात रुततं. भाकरी, भात, अंडं, बिनकांद्याचं मटण चालतं, पण नुसत्या भाकरी-दुधावर कुत्रं पोसत नाही. पाहुणे आले की तांबीसमोर कुंद्याचा, आपल्या बेळगावी दुधाच्या मिठाईचा, तुकडा धरतात. मी हात पुढं करून घेते आणि स्वतः खाते. पाहुण्यांना राग येतो, येऊ दे.

पावसाळ्यात गोचीड. रोज रात्री बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून बघायचं. एका श्रावणात माझे आठ दिवस राहून गेले. घरात पाहुणे होते. नवव्या दिवशी तांबीनं ताटलीकडं पाठ फिरवली. हिरड्या उचलून बघितल्या तर पांढऱ्या पडल्या होत्या. गोचीडताप. चार आठवडे रोज उकडलेल्या अंड्याच्या बलकात गोळी लपवून दिली. ती बरी झाली, पण ते आठ दिवस माझ्या मनातून गेले नाहीत.

आणि आनंद? तुमच्या मुलानं तोच प्रश्न डोळ्यांनी विचारला होता, म्हणून सांगते. आई गेल्यावर आप्पा गावचं घर बंद करून माझ्याकडं आले. पहिलं वर्षभर ते खिडकीशी बसून असायचे. तांबी आली तेव्हा म्हणाले, “घरात कुत्रं कशाला? बाहेर असू दे.” मी बाहेर ठेवली नाही. महिन्याभरात ती त्यांच्या पायाशी झोपायला लागली. मग संध्याकाळी तिला फिरवायचं म्हणून आप्पा चपला घालायला लागले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या रस्त्यावरची निम्मी माणसं त्यांना नावानं ओळखतात. शेजारच्या कन्नड अक्का “बा इल्ली” म्हणाल्या की तांबी जाते, मी “ये गं” म्हटलं की येते. अक्का आणि आप्पांना एकमेकांची भाषा धड येत नाही. तांबीनं आज काय खाल्लं, यावर त्यांचं रोज दहा मिनिटं बोलणं होतं.

मंगसुळीच्या खंडोबाला आमच्या घरचे पूर्वी चालत जायचे. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा झाला की कुत्र्याचा घास वेगळा निघायचा. आता तो तांबीसाठी निघतो, बिनकांद्याचा. वाढतात आप्पा.

फटाके आणि ढोल-ताशे तिला सोसत नाहीत. विसर्जनाच्या रात्री मिरवणुका कपिलेश्वरच्या तळ्याकडं जातात आणि आवाज पहाटेपर्यंत थांबत नाही. आम्ही मधल्या खोलीची दारं-खिडक्या लावतो, पंखा मोठा करतो, रेडिओ लावतो, तिला पलंगाखाली जाऊ देतो. गेल्या वर्षी ती थरथरत होती तेव्हा आप्पा गुडघे दुखत असताना फरशीवर बसले, एक हात पलंगाखाली घालून. मी उशी द्यायला गेले. ते तिच्याकडंच बघत होते. म्हणाले, “त्येला सोडायला पाहिजे हुतं.” एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा. मी काही बोलले नाही, त्यांच्या शेजारी बसले. पहाटे कधीतरी तिचा श्वास संथ झाला, आप्पांचाही.

तर तुम्ही असं करा. आषाढात सात दिवस सकाळी पावणेसहाला आमच्याकडं या, आळीपाळीनं नको, तिघं मिळून. पाऊस असेल, असू दे, छत्री आणि जुना टॉवेल घेऊन या. तिला फिरवायचं, तिची घाण कागदानं उचलायची, घरी आणून चारही पाय पुसायचे, बेचक्यांत गोचीड बघायची. पहिल्या दिवशी ती तुमच्यावर भुंकेल. तिसऱ्या दिवशी दारात वाट बघेल. सातव्या दिवशी चहा पिताना मुलाच्या आईनं मला सांगायचं. ‘हो’ असेल तर अक्कांच्या माडीमागं एक कुत्री गाभण आहे, श्रावणात पिल्लं होतील. येताना कुंदा आणू नका.