प्रश्न कुठून आणता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

‘एवढे प्रश्न आणता कुठून हो?’ लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, आणि आमच्या क्विझ लीगमधली मंडळी तर दर फेरीनंतर विचारतातच. बहुतेकांचा समज असा, की माझ्याकडे एखादी जाडजूड वही असणार. वही आहे. पण तिच्यात खोडलेले प्रश्नच जास्त.

आधी लीगबद्दल थोडं. इंग्लंडात पबमध्ये क्विझ चालतात. १९७०च्या दशकात तिथल्या पबवाल्यांनी धंदा थंड असलेल्या दिवशीही गिऱ्हाईक यावं म्हणून या क्विझना जोर दिला आणि हळूहळू गावोगावच्या लीग उभ्या राहिल्या. आमच्या जळगावात पबचा काय संबंध! आणि परमिट रूममध्ये सामान्य ज्ञानाचा प्रश्न टाकला तर सगळेच उत्तर देणार, ऐकणार कोण? म्हणून आमचं सगळं रविवारी सकाळी, एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. खालून शेवभाजीच्या फोडणीचा खकाणा येतो, वर भुसावळचे रेल्वेवाले, अमळनेर-चोपड्याचे मास्तर, बँकवाले, रावेर-सावद्याकडचे केळीवाले, धुळ्याहून पहाटेच्या एसटीनं येणारी चौकडी आणि एमपीएससीची पोरं. मोबाईल दाराशी टोपलीत टाकायचे, उत्तरं कागदावर लिहायची, आणि कागद शेजारच्या टेबलानं तपासायचा. बझर नाही. बझर आला की हाताचा वेग जिंकतो.

आता प्रश्न कुठून येतात ते. माझं साधं धोरण आहे: ज्याचं उत्तर हॉलमध्ये कुणालाच येणार नाही, तो प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही. तसे प्रश्न काढायला अक्कलही लागत नाही, एक कोश उघडला की झालं. मला हवा असतो तो प्रश्न, ज्याचं उत्तर सांगितल्यावर मागच्या टेबलावरून कुणीतरी कपाळावर हात मारून ओरडतं, ‘हाई ते माले माहीत व्हतं!’ म्हणजे माहिती त्याच्याकडेच होती, रोज डोळ्यांसमोरून जात होती, फक्त या बाजूनं तिच्याकडे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

उदाहरण घ्या तापीचं. ‘तापी नदीचा उगम कुठे?’ असं विचारलं की एमपीएससीची पोरं प्रश्न संपायच्या आत ‘मुलताई, जिल्हा बैतुल’ लिहून पेन खाली ठेवतात. लांबी ७२४ किलोमीटर, हेही न विचारता कोपऱ्यात लिहितात. बाकीचे हॉलभर एकमेकांची तोंडं बघतात. मी तो खोडला आणि उलटा करून लिहिला: ‘नागपूरहून दिल्लीकडे निघालेली गाडी पांढुर्णा सोडल्यावर, आमला यायच्या आधी एका गावावरून जाते. त्या गावात उगम पावणारी एक नदी सुरतेजवळ समुद्राला मिळते. नदी कोणती?’ आता या प्रश्नाला दोन दारं झाली. भूगोलाचे मास्तर सुरतेकडून आत आले, तर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब डोळे मिटून स्टेशनं मोजत पांढुर्ण्याकडून आले. पोरांना मुलताई तोंडपाठ होती, पण ती कुठल्या लाइनवर आहे हे कधी कुणी विचारलं नव्हतं. ज्या नदीच्या पाण्यावर निम्मा जळगाव जिल्हा पिकतो, तिचं नाव लिहायला काही टेबलांना दोन मिनिटं लागली.

असाच एक धुळेकरांसाठी केलेला. ‘१८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या एका तरुण अभियंत्याला सुरुवातीच्याच दिवसांत पांझरेच्या खोऱ्यात पाइपचा सायफन बांधायचं काम मिळालं. त्याच्या वाढदिवशी, १५ सप्टेंबरला, आज देशभर काय साजरं होतं?’ अभियंता दिन; अभियंता म्हणजे विश्वेश्वरय्या. त्यांना सगळे म्हैसूरचे आणि कृष्णराजसागर धरणाचे म्हणून ओळखतात. पांझरेचं नाव ऐकून धुळ्याच्या टेबलाची कॉलर ताठ झाली, पण उत्तर आधी लिहिलं ते पॉलिटेक्निकच्या मास्तरांनी.

सगळ्यात जास्त भांडण मात्र केळीनं लावलं. प्रश्न एवढाच होता: ‘केळीचं झाड हे झाड आहे का? हो किंवा नाही लिहा, आणि एका ओळीत कारण द्या.’ उत्तर आहे ‘नाही’. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं केळी ही प्रचंड वाढणारी शाकीय वनस्पती. तिला लाकडाचं खोड नसतंच. हे सांगितल्यावर रावेरकडचे एक दादा उभेच राहिले.

‘म्हणजे जन्मभर आम्ही काय भाजीपाला लावला का सर?’

मी विचारलं, ‘दादा, घड कापल्यावर खोडाचं काय करता?’

‘कापून टाकतो. बाजूचं पील वाढवतो.’

‘कापलेल्या खोडाचं कधी लाकूड निघालं? दाराची चौकट, निदान चुलीला सरपण?’

‘लाकूड कसलं त्यात! नुसती सोपटं, एकावर एक.’

‘मग कारण म्हणून तेच लिहायचं होतं.’

दादा बसले, पण कागदाकडे असे बघत राहिले की जणू कुणीतरी त्यांच्याच शेतातलं काहीतरी उचलून नेलं. पानांचे देठ एकात एक गुंडाळून तयार झालेलं ते खोटं खोड असतं, हे पुस्तकातलं वाक्य. ‘सोपटं एकावर एक’ हे त्यांचं. दुसरं जास्त चांगलं आहे आणि मी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. वर फळाचंही सांगून टाकलं: शास्त्रात केळं हे ‘बेरी’ गटातलं फळ, आणि नावात बेरी असलेली स्ट्रॉबेरी मात्र त्या गटात नाही. यावर दादांनी फक्त हात जोडले.

लोक स्वतःचे प्रश्नही पाठवतात. त्यातले निम्मे भोकं पडलेले असतात. एका मास्तरांनी पाठवला होता, ‘महाराष्ट्रातली पश्चिमेला वाहणारी नदी कोणती?’ त्यांना तापी अपेक्षित. आमच्या बँकवाल्या संघात चिपळूणचे एक साहेब बदलीवर आलेले आहेत. त्यांच्यासमोर हा ठेवला असता तर वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी अशी सगळी कोकणपट्टी त्यांनी मांडली असती, आणि बरोबरही तेच असते. आकड्यांचे प्रश्न शिळे होतात. महाराष्ट्रात जिल्हे किती? १९९८ साली १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार निघाला तेव्हा आम्हीच एक वाढवला, आणि २०१४ साली पालघर झाल्यावर आकडा ३६ वर गेला. घरातली पुस्तकं अजून ३५च म्हणतात. ग्रह किती, हे तर वयावर ठरतं. २००६ साली प्लूटोला यादीतून काढलं, तरी पन्नाशीपुढचं टेबल नऊच लिहिणार आणि वर माझ्याशी वाद घालणार. आणि ‘राष्ट्रीय खेळ कोणता?’ हा प्रश्न मी फक्त लोकांची जिरवायला ठेवतो. हॉकी लिहिणाऱ्यांना शून्य. कुठल्याच खेळाला तसा दर्जा दिलेला नाही, असं क्रीडा मंत्रालयानं २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारल्यावर सांगितलं होतं.

पर्याय का देत नाही, असंही विचारतात. ‘कौन बनेगा करोडपती’ २००० साली आलं तेव्हापासून प्रश्नाला चार पर्याय असलेच पाहिजेत असं लोकांना वाटतं. चार पर्याय दिले की माणूस आठवायचं सोडून वगळायला लागतो. टीव्हीवर ते ठीक आहे, तिथे उत्कंठा विकायची असते.

प्रश्न सोपा की अवघड, हे हॉल ठरवतो. ‘१९४५ साली वनस्पती तूप काढणारी म्हणून सुरू झालेली, आज बंगळुरूहून सॉफ्टवेअर चालवणारी कंपनी कोणती, आणि ती सुरू कुठे झाली?’ पुण्यात या प्रश्नाला मान मिळेल. आमच्याकडे अमळनेरचा शाळकरी पोरगासुद्धा ‘विप्रो’ म्हणून हसेल. उलट धुळ्याच्या तुरुंगाचा प्रश्न आपल्याच माणसांना अडला: ‘१९३२ साली अठरा रविवार एक कैदी बोलला आणि दुसऱ्या कैद्यानं ते लिहून घेतलं. दोघं कोण?’ विनोबा आणि साने गुरुजी; त्यातून झालं ते ‘गीता प्रवचने’. पुस्तक घरोघर आहे, तुरुंगावरून रोज जाणारे लोक हॉलमध्ये होते, आणि तरी बहुतेक टेबलांनी गांधी-नेहरू लिहिले. नेहरूंचं खान्देशातलं उत्तर वेगळंच आहे: १९३६चं फैजपूर, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन.

‘मोबाईलवर सगळं मिळतं, मग हे कशाला?’ हेही तुम्ही विचारताच. मिळतं ना. पण मोबाईलला काय विचारायचं हे आधी सुचावं लागतं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशात पहिल्यांदा काय वाटलं गेलं, हे शोधायची बुद्धी कुणाला कधी झाली असती? मी विचारलं, तेव्हा हॉलमध्ये प्रत्येकाच्या पाकिटात तेच कार्ड होतं. आधार.

तेव्हा प्रश्न पाठवत जा. ‘पहिला’ किंवा ‘सर्वात मोठा’ लिहाल तर कुणाच्या हिशेबानं तेही लिहा, आणि उत्तर कुठे वाचलंत ते खाली टाका. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं’ चालणार नाही. चिठ्ठी हॉटेलच्या गल्ल्यावर दिली तरी माझ्यापर्यंत पोचते. स्वतःच्या संघाचं नाव मात्र वर ठळक लिहा, म्हणजे तुमचा संघ बसलेला असताना तो प्रश्न मी काढणार नाही.