खुर्दाद 1347

जिंतूरला दोन वर्षं वकिली केलेली होती, त्यामुळे संभाजीनगरच्या ऑफिसातला पहिला दिवस जड जाणार नाही असं मला वाटत होतं. आल्या आल्या सरांनी फाइल दिली. पैठण तालुक्यातल्या जमिनीच्या वाटणीचा दावा. "तारखांची यादी कर," एवढंच म्हणाले.

पक्षकार बाबा बाकावर बसले होते, ऐंशीच्या घरातले. त्यांनी धोतराच्या फडक्याची गाठ सोडली आणि घडीवर विरलेला एक कागद माझ्या हातात दिला. पाहणी पत्रक, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे याची सरकारी नोंद; सगळं उर्दूत.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, हे दरवर्षी झेंडावंदनाला ऐकलेलं. पण त्या राज्याचा कागद हातात आला तेव्हा परक्या मुलखात उभी असल्यासारखं वाटलं. आपल्याच शिवारातल्या जमिनीचा कागद, आणि मला त्यातलं एक अक्षर लागेना.

कडेला कुणीतरी पेन्सिलीनं 1347 लिहून ठेवलं होतं. मी तो हिजरी सन धरला आणि यादीत 1928 टाकलं.

दुपारी सरांनी उर्दू शाळेतले निवृत्त मास्टरसाहेब बोलावले. त्यांनी भिंग धरलं, बोट एका शब्दावर थांबलं. "खुर्दाद. बेटी, हा हिजरी महिना नाही. हिजरी असता तर मोहरम, सफर असं आलं असतं. आजूर, दै, बहमन, खुर्दाद हे फसली महिने, निजाम सरकारच्या कारभारातल्या सनाचे."

इसवी सन काढायला फसली सनात 590 मिळवायचे; ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासून पुढं 591. खुर्दाद 1347 म्हणजे एप्रिल 1938.

माझे हातपाय गार पडले. समोरच्या पक्षाचं, म्हणजे बाबांच्या दूरच्या चुलतभावांचं म्हणणं होतं की 1933 ला वाटणी होऊन हा सर्व्हे नंबर त्यांच्या आजोबांकडे गेला. कागद 1928 चा धरला तर त्याचा काहीच उपयोग नाही. 1938 चा असेल, तर त्या कथित वाटणीनंतर पाच वर्षांनीही बाबांच्याच आजोबांचं नाव चालू होतं. माझ्या यादीनं तो पुरावा आम्हीच मारला असता. नऊ-दहा वर्षांचा फरक, आणि तोही पेन्सिलीच्या एका आकड्यावर विसंबून.

सर रागावले नाहीत. "नुसत्या पाहणीतल्या नावानं मालकी ठरत नसते," म्हणाले, "पण हे नाव तिथं का राहिलं, याचं उत्तर आता त्यांना द्यावं लागेल. तहसीलला नकलेचा अर्ज टाक."

मास्टरसाहेबांनी मजकूर सावकाश वाचून दाखवला. बाबांनी हा कागद साठ वर्षं सांभाळला होता. त्यात काय आहे ते आज पहिल्यांदा ऐकत होते. आजोबांचं नाव आलं तसे ते बाकावरून उठून उभे राहिले.

"ताई, आमच्या बापानं सांगितलं व्हतं, ह्यो कागुद पान्यापासून जपा."

अस्सल कागद पक्षकाराकडेच ठेवायचा, हा सरांचा नियम. मी झेरॉक्स काढून घेतली, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि मग त्यांच्या फडक्यात बांधून दिला. पाचच्या पैठण गाडीला ते निघाले. मी यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला बसले.