क्राकोव्हचा रस्ता: काम मनोऱ्यापर्यंत आलं

फ्लोरियान्स्का रस्त्याचं जलरंगातलं चित्र आता निम्म्याच्या पुढे सरकलंय. क्राकोव्हच्या फ्लोरियन वेशीतून आत शिरलं की हा रस्ता मुख्य चौकाकडे जातो आणि टोकाला सेंट मेरी चर्चचा मनोरा उभा. चर्चला मनोरे दोन, पण उंची वेगवेगळी: एक ८२ मीटर, दुसरा ६९. उंच मनोऱ्यावरून दर तासाला चारी दिशांना ट्रम्पेट वाजतं. चित्रात भाव खाणारा तोच. (पोलंडच का? आम्हा कोल्हापूरकरांना पोलिश माणसं अगदीच परकी नाहीत. १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहत होते.)

वेशीकडून बघताना आपलं तोंड साधारण दक्षिणेला. म्हणजे सकाळी ऊन उजवीकडच्या घरांवर, डावीकडची ओळ सावलीत, आणि मनोऱ्याची आपल्याला दिसणारी बाजू उत्तरेची, तीही सावलीतच. फोटोत तो लालभडक दिसतो. तसा रंगवला तर दूर असूनही उगाच पुढे येऊन बसेल.

म्हणून लाइट रेड या विटकरी रंगात अल्ट्रामरीन निळा जरा सढळ हाताने घातला. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, कोल्डप्रेस (खडबडीत) कागदावर हा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, भरपूर पाण्याने सोडायचा आणि पुन्हा ब्रश लावायचा नाही. पावसाळी हवेत वॉश सावकाश वाळतो, तेवढ्यात अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि विटांचा खरखरीतपणा आपोआप येतो. एकेक वीट काढायच्या मोहात पडू नका, मनोऱ्याची भिंत होते. वॉश वाळल्यावर खिडक्यांच्या उभ्या खाचा तेवढ्या गडद केल्या.

खरी गंमत माथ्यावर. १४७८ चा टोकदार गॉथिक कळस, भोवती छोट्या शिखरांचं कडं. आकाशाचा वॉश पूर्ण वाळल्यावर हे सगळं एकाच सपाट गडद आकारात काढलं. बाहेरची कड नेमकी असली की आतला तपशील बघणारा स्वतः भरतो. कळसावर १६६६ चा सोनेरी मुकुट आहे, माझ्या कागदावर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. तिथे मास्किंग फ्लुइड (कागदाला रंग लागू न देणारं, नंतर सोलून काढायचं द्रव) लावून ठेवलंय. सोनेरी पोस्टर कलर वापरणार नाही, जलरंगात तो उपरा वाटतो. कोरा कागद उघडा करून वर पातळ गॅम्बोज पिवळा, बस.

आता उरलंय खालचं: दुकानांची छत्र्या-पाट्यांची गर्दी आणि माणसं. सगळ्यांची डोकी क्षितिजरेषेवर, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायची, पाय मात्र अंतराप्रमाणे वरखाली. डावीकडच्या सावलीत दोन-तीन उबदार (लाल-पिवळ्या छटांचे) ठिपके हवेत, ते कुठे टाकावेत ते सुचवा.