एकाच परसातल्या दोन पिशव्या

मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. परसबागवाल्यांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो, "मातीत अजून काय घालू?" एक काकाही हेच विचारत आले. टोमॅटोची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या, फळं बारीक. एक पान वहीत दाबून आणलं होतं आणि सोबत कागदावर चार वर्षांत काय काय घातलं त्याची यादी, लाकडाची राख दर महिन्याला, अंड्याच्या टरफलांचा चुरा, बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, चुना दोनदा, शेणखत प्रत्येक हंगामाला. यादी वाचतानाच कळत होतं की माणसाने किती जीव लावलाय बागेला.

पान बघूनच मला लोहाची शंका आली, कारण मॅग्नेशियम कमी असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती. पण लोह मातीत नसतंच असं फार क्वचित होतं, ते असतं, पण सामू (pH, माती आम्ल की अल्कधर्मी त्याचं माप; आकडा जितका मोठा तितकी माती अल्कधर्मी) वाढला की मुळांना घेता येत नाही. म्हणून मी विचारलं, "काका, परसात अशी एखादी जागा आहे का जिथे तुम्ही कधीच काही घातलं नाही?" ते म्हणाले कुंपणाजवळ आहे, तिथे नुसतं गवत वाढतं. म्हटलं दोन्हीकडची माती वेगवेगळी आणा, पाच-सहा ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल खणून, मिसळून, सावलीत वाळवून.

चौथ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन हजर! ते शेजारीच उभे होते म्हणून मी आधी दोन्ही मातींवर सौम्य आम्लाचे थेंब टाकून दाखवले. कुंपणाकडची माती शांत राहिली आणि वाफ्यातली सोडा टाकल्यासारखी फसफसली, म्हणजे तिच्यात चुना मोकळा पडून होता. मग सामू काढला, कुंपणाकडे 6.8, वाफ्यात 8.3. आकड्यात फरक दीडचाच दिसतो पण हे मोजमाप दहाच्या पटीत चालतं, त्यामुळे आम्लतेत साधारण 30 पटींचा फरक झाला. बहुतेक भाज्यांना 6 ते 7 चांगला. स्फुरद (फॉस्फरस) तर इतका साठला होता की बोनमीलची गरजच नव्हती, आणि जास्तीचा स्फुरद लोह-जस्ताच्या आड येतो ते वेगळंच.

काका बराच वेळ रिपोर्ट बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "म्हणजे मॅडम, हे मीच केलं?" खोटं बोलून चालणार नव्हतं. हो म्हटलं, राख आणि चुना आम्लधर्मी मातीला खरंच उपयोगी असतात, पण तुमची माती मुळात चांगलीच होती.

लगेच पुढचा प्रश्न, मग सामू उतरवायला काय घालू, जिप्सम? जिप्समने सामू असा उतरत नाही, ते सोडियमने बिघडलेल्या जमिनीचं औषध. गंधकाने उतरतो, पण जिवाणू त्याचं आम्ल करणार त्यात महिने जातात आणि इथे ते आम्ल आधी मोकळ्या चुन्यातच खर्ची पडणार. माझं मत त्यांना स्पष्ट सांगितलं, आता या वाफ्यात राख, चुना, टरफलं, बोनमील सगळं बंद, शेणखतही थांबवा कारण त्यातूनही स्फुरद येतोच. नत्रासाठी (नायट्रोजनसाठी) ताग पेरा आणि फुलायच्या आत मातीत गाडा, वरून सुका पाला पसरा. उभ्या टोमॅटोवर चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा संयुगात बांधलेल्या लोहाची, फवारणी करा, आणि मातीतून द्यायचं झालं तर पाकिटावर ईडीडीएचए (EDDHA, लोह बांधून ठेवणारं संयुग) लिहिलंय ना ते बघून घ्या, साधं ईडीटीएवालं (EDTA) इतक्या सामूला लोह धरून ठेवत नाही. नवीन टोमॅटो मात्र कुंपणाजवळ लावा, दोन-तीन सेंटिमीटर चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळून, बाकी काही नको.

पुढच्या वर्षी काका परत दोन पिशव्या घेऊन आले. जुना वाफा 8.1 वर आला होता, स्फुरद जवळपास तेवढाच, तो काही पाण्याबरोबर सहज वाहून जात नाही, वेळ लागणार. कुंपणाजवळच्या टोमॅटोचं पानही आणलं होतं, त्याच वहीत दाबून, शेंड्याचं, पूर्ण हिरवं.