दोन अक्षरांवरून हलशी

हॉस्टेलवरच्या पहिल्याच आठवड्यात मी सहज बोलून गेलो, "आज मी सकाळीच पेपर वाचलो." शेजारच्या खाटेवरच्या नाशिकच्या मुलानं गंभीर चेहरा करून विचारलं, "कशातून वाचलास?" सगळी खोली हसली. बेळगावात 'मी पेपर वाचलो', 'मी चहा घेतलो' असंच बोलतात. कानडीच्या शेजारानं आमच्या मराठीचं व्याकरण जरा वाकवलंय आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवसापासून बावीस वर्षं पुण्यात मी फार जपून बोलतो. बेळगावच्या स्टँडवर पाय ठेवला की मात्र जीभ आपोआप सैल सुटते.

कानडी अक्षरं तशी सुटत नाहीत. शाळेत पास होण्यापुरती शिकलो होतो, पास झाल्यावर ती आपल्या वाटेनं गेली. या गोष्टीचं सगळं रामायण तिथूनच.

खानापूर तालुक्यातल्या हलशीला जायचं ठरलं तेही एका खोट्या वाक्यामुळं. ऑफिसातला एक गोवेकर सहकारी चहा पिताना म्हणाला, "तुमच्या हलशीचं देऊळ आमच्या कदंब राजांचं. तू बघितलं असशीलच." मी म्हणालो, "हो तर, लहानपणी." साफ खोटं. दरवर्षी १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस की राज्योत्सव यावर तावातावानं बोलणारा मी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातली १९५६ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, २००४ची सुप्रीम कोर्टातली केस सगळं तोंडपाठ. आणि त्याच सीमाभागातल्या खानापूर तालुक्यात गोव्याला जाताना बसच्या खिडकीतून दिसलं त्यापलीकडं काही बघितलेलं नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर चार दिवस रजा वाढवली आणि शहापूरला मामाकडं मुक्काम टाकला.

शहापूर आता बेळगावचाच एक भाग आहे, पण पूर्वी ते सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांचं. आजोबा म्हणायचे, "आम्ही सायकलवरनं राज्य बदलायचो." मला ते लहानपणी फेकाफेकी वाटायचं.

सकाळी स्टँडवर पोचलो तर एक गाडी हलायच्या बेतात. बोर्डावर पहिलं अक्षर 'ह' लागलं, दुसरं 'ल' लागलं. दोन अक्षरं सलग लागल्याच्या आनंदात पळत जाऊन चढलो. कंडक्टरला म्हणालो, "एक हलशी." गाडीत कल्लोळ होता. त्यानं मशीनमधून तिकीट काढून दिलं आणि पुढं गेला. शेजारच्या बाईंच्या हातात शून्य रुपयाचं तिकीट होतं. २०२३पासून कर्नाटकात बायकांना साध्या गाड्यांतून प्रवास फुकट आहे, त्यामुळं गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. माझं तिकीट पैसे देऊनही फारच स्वस्त होतं. तिथं शंका यायला हवी होती. मला वाटलं, वा, कर्नाटकात अजून स्वस्ताई आहे.

जंगलाऐवजी हायवे लागला तेव्हा पोटात खड्डा पडला. "हलगा, हलगा" असा पुकारा झाला आणि मी गुपचूप उतरलो. समोर टेकाडावर सुवर्ण विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत.

लांबून बघितलेली इमारत जवळून आणखी अवाढव्य दिसते. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं. बेळगाव आमचंच, हे दगडात लिहून ठेवायला कर्नाटकानं ती बांधली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. डिसेंबरच्या सुमाराला दहा-बारा दिवस अधिवेशन भरतं. तेव्हा मंत्री येतात, लॉज भरतात, मोर्चेकऱ्यांचे तंबू पडतात. एरवी शुकशुकाट. मी बघितलं तेव्हा फाटकावर दोन पोलीस होते आणि एक कुत्रं, आणि तिघांपैकी कुत्र्याचंच माझ्याकडं लक्ष होतं.

मामाला फोन लावला.

"हलग्यात आहे."

"हलग्यात कशाला मरायला गेलास?"

"बोर्डावर ह आणि ल होतं."

"दोन अक्षरं वाचलास आणि चढलास होय रे? तिसरं कोण वाचणार, ड्रायव्हर?" मग जरा थांबून, "आता उतरलाच आहेस तर मुख्यमंत्र्यांना भेटून ये की."

परत स्टँडवर येऊन खानापूरची गाडी धरली. या खेपेला तिघांना विचारून. एकानं मराठीत सांगितलं, एकानं कानडीत, तिसऱ्यानं दोन्हीत मिळून. या गावात असंच चालतं. भांडण बोर्डावरच्या अक्षरांचं आहे, तोंडातल्या भाषेचं नाही. ते माझं मत. मामाचं मत वेगळं आहे आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खानापूर पंचवीसेक किलोमीटर. उसाचे पट्टे मागं पडतात, भातखाचरं लागतात, कौलारू घरं दिसायला लागतात. कौलं आणि मातीची भांडी ही खानापूरची जुनी ओळख. मलप्रभेचा पूल ओलांडला की हवा बदलते. बेळगाव जिल्हा एक आहे असं आपण नकाशात बघून म्हणतो. अथणीला पावसाची वाट बघून डोळे शिणतात आणि इथं पाऊस कधी थांबणार म्हणून. पुढं नंदगड. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथंच फाशी दिली. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा माणूस, त्याच्या समाधीजवळ मोठा वड आहे. माझी टमटम तिथं थांबली नाही, मीही थांबवली नाही. हलग्यात तास-दीड तास घालवलेल्या माणसाला हुतात्म्यांसाठी वेळ नव्हता, याची लाज अजून वाटते.

हलशी लागलं तेव्हा दुपारचे साडेबारा. टमटमवाल्यानं जिथं सोडलं तिथं एक दुकान, दोन म्हशी आणि वाळत घातलेलं भात. मी विचारलं, गाव कुठं आहे? तो म्हणाला, "हेच की."

आता ऐका. पाचव्या शतकात हे 'पलाशिका' होतं, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. इथले ताम्रपट अभ्यासकांना पाठ आहेत; मृगेशवर्मा राजानं वडिलांच्या स्मरणार्थ इथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं. पुढं गोव्याच्या कदंबांचंही हे मोठं ठाणं होतं. खाली किनाऱ्यावर त्यांची राजधानी गोपकपट्टण, वर घाटमाथ्यावर हलशी. शिलालेखांत या प्रांताचं नाव 'पलसिगे १२,०००' असं येतं. हे बारा हजार गावांचे की महसुलाचे, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण मला मजा वाटली ती दुसऱ्याच आकड्याची. त्याच कदंबांच्या मुलखात आमचं बेळगाव होतं, 'वेणुग्राम ७०'. कुठं बारा हजार आणि कुठं सत्तर!

मग रट्ट राजे आले. त्यांची राजधानी सौंदत्तीला होती, तिथून ते बेळगावला सरकले. बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बसदी, त्यांच्याच काळातलं, १२०४ची. तिथून सत्तरवाल्यांचे दिवस पालटले. २०११च्या जनगणनेत बेळगाव शहर ४ लाख ८८ हजार, आणि जिल्हा ४७ लाख ७९ हजार. त्याच जनगणनेत अख्खं गोवा राज्य होतं १४ लाख ५८ हजार, म्हणजे आमच्या एका जिल्ह्यात तीन गोवे बसून वर जागा उरते. पणजी शहर तर ४० हजारांचं. मी हे आकडे त्या गोवेकराला ऐकवले होते तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पण राजधानी कोणाची आहे?"

भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे आहेत, एकमेकांकडं तोंड करून. एकीकडं नरसिंह, समोर पृथ्वीला उचलून उभा भूवराह. मूर्ती बाराव्या शतकातल्या, कदंबांनी बसवलेल्या. मधल्या मंडपात उभं राहिलं की कोणाला पाठ करावी कळत नाही. मी बराच वेळ आडवा उभा राहिलो. आत गारवा होता, वटवाघळांचा वास होता, खांब हातानं घासून घासून गुळगुळीत झालेले. आणि देवळात मी एकटा. पर्यटनाच्या नावानं जिथं तिथं सेल्फी पॉइंट करून ठेवतात त्या मानानं हे भाग्यच. तरी एका राजधानीच्या वाट्याला एवढं एकटेपण यावं हे मला जरा लागलं.

बाहेर आलो तर भिंतीच्या सावलीत एक आजी काठी घेऊन बसलेली, पुढ्यात ताडपत्रीवर भात.

"कुठनं आलासा?"

"बेळगावहून."

"बेळगावचं माणूस हिकडं कशाला येतंय? आम्हीच तिकडं जातोय. दवाखान्याला, कोर्टाला."

मी देवळाचं म्हणालो. तिनं मान हलवली, जणू देऊळ हे कारण पुरेसं नव्हतं. मग माझ्या हातात काठी दिली. "जरा बघा कोंबड्यांकडं. पाणी घेऊन येतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, 'येतो', 'जातो'. पुण्यात याच्यावरही हसतात.

ती गेली ती वीस मिनिटं आली नाही. मी पलाशिकेत बसून कोंबड्या हाकत होतो. एक तुरेवाला कोंबडा फार हुशार निघाला. मी डावीकडं बघितलं की उजवीकडून यायचा. भाताला उन्हाचा करपट, गोडसर वास होता. ओंजळीत घेतलं तर कोमट. समोर बाराव्या शतकाचं शिखर, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा या तालुक्याच्या काही उपयोगी पडत होतो.

आजी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. थोरला मुलगा गोव्यात म्हापशाला बेकरीत, धाकटा बेळगावला गॅरेजात. "गणपतीला येतात. भात काढायला कोण येत नाही." दोघांच्या बसचा खर्च तिला पैशासकट पाठ होता. इथले राजे एके काळी घाट उतरून किनाऱ्यावर राज्य करत होते हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आता पाव भाजतात." आणि हसली. मला हसता आलं नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, कोंबडा आला होता.

खानापूरपर्यंत परतताना टमटममध्ये चौदा माणसं होती. माझा एक पाय मडगाव म्हणून लिहिलेल्या पिशवीवर होता.

दुसरा दिवस नुसता झोपण्यात आणि कुंदा खाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी मामाच्या स्कूटरवरून जांबोटीमार्गे कणकुंबी. मलप्रभेचा उगम म्हणजे देवळापाशी एक कुंड, आपल्या वाड्यातल्या हौदाएवढं. हे पाणी पूर्वेला जातं, कूडलसंगमाला कृष्णेत मिसळतं आणि बंगालच्या उपसागराला मिळतं. याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला गोव्यात उतरून अरबी समुद्राला. एकाच तालुक्याच्या पावसानं दोन समुद्र वाटून घेतलेत आणि आपण माणसं लवादात बसतो. २०१८च्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला म्हादईचं १३.४२ टीएमसी पाणी आलं, गोव्याला ते पटलं नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. मामानं कुंडात हात बुडवून डोळ्यांना लावला आणि म्हणाला, "टीएमसी म्हणजे किती रे?" अब्ज घनफूट, मी म्हणालो. त्यानं ओंजळीकडं बघितलं आणि ती माझ्या शर्टावर झटकली.

परतीच्या वाटेत स्कूटर पंक्चर झाली. त्याबद्दल दोघांनीही काही बोलायचं नाही असं ठरलंय.

निघायच्या रात्री मामा स्टँडवर सोडायला आला. पिशवीत बेळगावी बासमतीचे दोन किलो, मांडे आणि मामीनं दिलेली चटणी. फलाटावर चार गाड्या ओळीनं उभ्या. त्यानं पिशवी माझ्या हातात दिली नाही, धरूनच ठेवली.

"बोर्ड बघ आधी."

मी बघितलं. पहिलं अक्षर. दुसरं. सावकाश, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं. पुढं आणखी काही नव्हतं, तरी एकदा पुन्हा खात्री केली.

"वाचलास?"

"वाचलो, मामा."