यादी मागताय, पण आधी सर्च कन्सोल उघडा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "ताई, तू एवढ्या साईटी सांभाळतेस, दुकानांचं मार्केटिंग बघतेस. ब्लॉग लिहायला, साईट चालवायला, जाहिरात शिकायला नेटवर नेमकं कुठं बघायचं? चांगल्या साईटींची यादी दे ना." हा प्रश्न मला जळगावच्या लग्नांत येतो, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर येतो. चोपड्याच्या एका कॉलेजात बोलायला गेले होते, तिथे तासाभरात पाच जणींनी विचारला.

पूर्वी मी यादी पाठवायचे. चाळीसेक दुवे, व्हॉट्सॲपवर. महिन्याने चौकशी केली की कळायचं, मेसेज स्टार करून ठेवलाय, उघडला नाही. यात मुलांचा दोष नव्हता. ज्याच्या हातात स्वतःचं एकही पान नाही, त्याने चाळीस साधनं घेऊन करायचं काय? म्हणून आता मी आधी उलट विचारते, "तुझी स्वतःची साईट आहे का?" नसेल तर एक कर. मामाच्या दुकानाची कर, आईच्या पापडांची कर, गावच्या वाचनालयाची कर. आणि असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि सर्च कन्सोल उघड.

गूगल सर्च कन्सोल. २०१५ पर्यंत याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं, जुनी माणसं अजून तेच म्हणतात. एक पैसा लागत नाही. साईट आपलीच आहे हे सिद्ध करायला डोमेनच्या (साईटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक नोंद टाकायची, नाहीतर गूगलने दिलेली छोटी फाईल साईटवर चढवायची, बस. मग ते सांगतं की लोकांनी गूगलमध्ये काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, सरासरी कितव्या जागी होतं. मागच्या सोळा महिन्यांचं सगळं. लोक आपल्याला कोणत्या शब्दांनी हाक मारतात, हे इतकं सरळ दुसरं कुठलंच साधन सांगत नाही.

एक उदाहरण नीट सांगते, कारण मी या कामात जे शिकले त्यातलं निम्मं याच एका पानाने शिकवलं.

रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याची साईट माझ्याकडे आहे. रोजचा भाव टाकायचं काम. आपल्याकडे रावेर-यावलच्या शेतकऱ्याचं लक्ष बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे असतं. तिथे आज काय भाव निघाला, यावर इकडे मळ्यात सौद्याचं बोलणं होतं. मी मात्र पानाला नाव दिलं होतं 'आजचे केळी बाजारभाव'. शुद्ध आणि नीटनेटकं, वर्तमानपत्रात शोभेल असं. दोन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये शोधशब्दांची यादी उघडली, तर 'बाजारभाव' लिहिणारे अगदी थोडे. लोक लिहीत होते बऱ्हाणपूर केळी भाव. आणि ते बऱ्हाणपूर तरी किती तऱ्हांनी! कोणी बुऱ्हाणपूर, कोणी बर्हाणपूर, फोनवर हिंदी कीबोर्ड असलेला बुरहानपुर, आणि कितीतरी जण सरळ रोमन अक्षरांत, जसं तोंडात येईल तसं. आमचं पान या सगळ्यांना गूगलच्या निकालांच्या कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या पानावर दिसत होतं, म्हणजे दिसत नव्हतंच.

त्या 'ऱ्ह' ची गंमत नव्हे, गोम सांगते, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी अडवते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, हे अक्षर दोन वाटांनी बनतं. एका कीबोर्डवर ते खाली टिंब असलेल्या ऱ पासून बनतं. दुसऱ्यावर साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकलं जातं. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. मी एक्सेलच्या शीटमध्ये बऱ्हाणपूर शोधत होते आणि समोर दिसत असलेला शब्द सापडेना, तेव्हा हे मला कळलं. साईटच्या आतल्या शोधपेटीतही तोच घोळ. आता आम्ही सगळीकडे एकच वाट ठेवली आहे. पानाचं शीर्षक बदलून त्यात बऱ्हाणपूर आणि रावेर ही दोन्ही नावं घेतली, आणि मजकुरात एका वाक्यात 'काही जण याला बुऱ्हाणपूरही म्हणतात' हे सहज येऊ दिलं. पान हळूहळू वर आलं. कोणत्याही कोर्सात हे कोणी शिकवलं नसतं, कारण कोर्सवाल्याला बऱ्हाणपूरचा भाव माहीत नाही.

जुन्या फॉन्टांचं याच ओघात सांगून टाकते. आपल्याकडच्या कितीतरी साप्ताहिकांचं, संस्थांच्या स्मरणिकांचं लेखन युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत पडून आहे. तो फॉन्ट असला तरच ते मराठी दिसतं. खाली साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. असा मजकूर साईटवर चिकटवला तर जगात कोणी मराठीत शोधून तिथे पोचणार नाही. युनिकोडात बदलून देणारे परिवर्तक नेटवर फुकट मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घालाच, रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते.

आता बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची गोष्ट. यावलजवळच्या एका बचत गटाच्या मावशी बिबडे करतात, कळण्याचं पीठ करतात. ज्वारी भिजवायची, भरडायची, शिजवायची, ओल्या कापडावर थापायची आणि वैशाखाच्या उन्हात वाळवायची, हे ज्याने पाहिलंय त्याला त्या कामाची किंमत कळेल. त्यांची साईट मी केली. देखणी केली. दोन महिने एकही ऑर्डर गूगलवरून आली नाही. मावशी मला एवढंच विचारायच्या, "मले इतकंच सांग, लोकं आपल्याले शोधतात का?" मी सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता टाकून तपासणी केली, तर उत्तर आलं की पानावर 'नोइंडेक्स', म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका', असं लिहिलेलं आहे. साईट मी वर्डप्रेस या साईट बनवायच्या साधनावर केली होती. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान असतं, तिथे शोधयंत्रांना येऊ नका असं सांगणारी एक चौकट असते. साईट तयार होत असताना मी तिच्यावर टिकमार्क केला होता आणि सुरू करताना काढायचा राहिला. दोन महिने मी स्वतःच दाराला कडी घालून गिऱ्हाइकाची वाट बघत होते. मावशींना जाऊन सांगितलं, माफी मागितली. तेव्हापासून कोणतीही साईट सुरू झाली की पहिली ती चौकट बघते, मगच पेढा खाते.

दुसरं साधन, ज्यासाठी मी लोकांच्या मागे लागते, ते मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी. तेही फुकट. साईटवर आलेला माणूस कुठे थांबतो, कुठे बोट टेकवतो, याचं ते चित्रण दाखवतं. टाइप केलेली खाजगी माहिती त्यात झाकलेली असते. केळीच्याच साईटवर मी पाहिलं, एक जण फोन नंबरवर बोट टेकवतोय, पुन्हा टेकवतोय, मोठं करून टेकवतोय. आणि निघून गेला. नंबर आम्ही सुंदर बॅनरच्या चित्रात कोरला होता. चित्राला कितीही दाबा, फोन लागत नाही. क्लॅरिटी याला 'डेड क्लिक' म्हणतं. कोणी शेतकरी असेल, घड कापणीला आलेले असतील, त्याला बोलायचं होतं आणि आम्ही त्याला बोलू दिलं नाही. ते चित्रण बघून मला खरंच वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी नंबर अक्षरांत टाकला आणि दाबला की थेट फोन लागेल असा दुवा दिला.

वेगासाठी पेजस्पीड इनसाइट्स आहे. पत्ता टाका, ते सांगतं. त्यातले तीन आकडे लक्षात ठेवा: पानातला सगळ्यांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पानाने दाद द्यावी, आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडी मारू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. दुसरा मापदंड मार्च २०२४ पासूनचा आहे, त्यामुळे जुन्या लेखांत वेगळं नाव सापडेल. आपल्याकडच्या साईटी मंद असण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, फोनमधून काढलेला फोटो जसाच्या तसा चढवलेला. स्क्वूश नावाची साईट आहे. फोटो तिच्यात टाकला की ब्राउझरमध्येच लहान होतो, आपल्या संगणकाबाहेर जात नाही. पाच-सहा एमबीचा केळीच्या घडाचा फोटो दीडशे-दोनशे केबीवर येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज कशी असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

फोटोंवरून आठवलं. विकिमीडिया कॉमन्स आणि ओपनव्हर्स इथे परवान्यासकट फोटो मिळतात, परवान्यात श्रेय द्या म्हटलं असेल तर द्यायचंच. पण शक्यतो स्वतः काढा. परदेशातल्या केळीच्या बागेचा फोटो रावेरच्या माणसाला लगेच ओळखू येतो.

शिकायचं कुठे, हा तुमच्या प्रश्नातला मुख्य भाग. गूगलचंच सर्च सेंट्रल हे पान आहे, त्यावर नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिका आहे. ती दोनदा वाचा. इंग्रजी जड गेलं तर भाषांतराचं बटण दाबून वाचा, पण वाचा. मी हे आधी केलं असतं तर माझे पैसे वाचले असते. सुरुवातीला मी एका शिकवणीत भरपूर फी भरली आणि तिथे आठवडाभर आम्हाला मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडात लिहायचे, वाचणाऱ्याला न दिसणारे शोधशब्द, कसे भरायचे ते शिकवलं. आपण शोधाच्या क्रमवारीत मेटा कीवर्ड वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलेलं होतं. कोणी तुम्हाला हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटींवरून आपल्याकडे येणारे दुवे, विकत देतो म्हणालं, तरी त्याच पानावरचं स्पॅमविषयीचं धोरण उघडा. क्रमवारीसाठी दुवे विकत घेणं त्यात साफ बसत नाही. मार्च २०२४ मध्ये त्यात आणखी एक गोष्ट आली: लोकांच्या उपयोगाचा विचार न करता, केवळ वर येण्यासाठी ढिगाने पानं पाडणं, मग ती माणसाने पाडलेली असोत की यंत्राने. एआयकडून रात्रीत दोनशे लेख काढायच्या विचारात असलेल्यांनी हे आधी वाचावं. निकालांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठी गूगलची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात २०२२ च्या अखेरीस 'अनुभव' हा निकष घातला गेला. बिबडे थापून थापून ज्यांचे हात तयार झालेत त्या मावशींचं एक पान त्या दोनशे लेखांपेक्षा मला तरी जास्त मोलाचं वाटतं, आणि मावशींकडून ते बोलतं करून घेणं हे आपलं काम आहे.

बाकीची नावं भराभर घेते. कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स बघा, पण ते शून्य ते शंभरमधलं तुलनात्मक माप आहे, माणसांची संख्या नव्हे. तालुक्याच्या पातळीवरचा शब्द टाकला तर ते बहुतेकदा हात वर करतं. दुकानदाराला साईटच्याही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, भरून द्या, वेळ आणि पत्ता खरा लिहा. मराठी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत, मी 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरते. कोडात भाषा मराठी आहे असं नोंदवलं तर काही फॉन्टांत ल आणि श मराठी वळणाचे येतात, एवढं तरी आपल्या भाषेसाठी करा. सरकारी भावांसाठी कृषी पणन मंडळाची साईट आणि ॲगमार्कनेट, ऐकीव भाव कधी टाकू नका. एसएसएल प्रमाणपत्रासाठी, म्हणजे साईटचा पत्ता https ने सुरू व्हावा म्हणून लागणाऱ्या सुरक्षिततेच्या दाखल्यासाठी, कोणी दरवर्षी पैसे मागत असेल तर आधी लेट्स एन्क्रिप्टचं नाव काढा, ते फुकट देतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने त्यासाठी तीन वर्षं पैसे भरले होते.

आणि वेबॅक मशीन. इंटरनेट आर्काइव्हचं हे साधन २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे, जुन्या पानांच्या प्रती ते जपून ठेवतं. एका संस्थेची साईट होस्टिंग कंपनीच्या गोंधळात पूर्ण गेली, बॅकअप कोणाकडेच नव्हता. पंधरा वर्षांचे कार्यक्रम, माणसांची नावं, जुने फोटो. मी चार रात्री बसून वेबॅकमधून पान पान उचललं. मजकूर बराच मिळाला, फोटो थोडेच मिळाले. तुमच्या साईटचा बॅकअप आजच स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि महत्त्वाची पानं वेबॅकमध्ये स्वतःहून जतन करा, तशी सोय तिथेच आहे.

मावशींचं सांगायचं राहिलं. त्या चौकटीतला टिकमार्क काढल्यावर लोक येऊ लागले आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघी सर्च कन्सोल उघडून बसलो. कोणी 'बिबडे' लिहीत होतं, कोणी 'बिबड्या', पुण्यामुंबईकडचे 'ज्वारीचे पापड'. तारखांचा आलेख काढला तर शोध उन्हाळ्याच्या बराच आधी चढायला लागलेला. मावशींनी चष्मा लावून बोट ठेवत तो आलेख पाहिला आणि म्हणाल्या, "मंग ज्वारी आपण उशिरा भिजवू राहिलो." त्या वर्षापासून पानावरची किंमत आणि फोटो आम्ही माघातच बदलतो.