सी ड्राइव्ह आहे हो, इथंच आहे

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि ज्यांच्याकडे जुनी मशीनं आहेत त्यांच्यात एकच चर्चा, आता काय करायचं. कारण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा तरी पाहिजे, आणि एसएसडी टाकल्यापासून मस्त पळणारी चांगली धडधाकट मशीनं त्यात बसत नाहीत. मग आमच्यासारखे उद्योगी लोक पुढे होऊन सांगतात, अहो विंडोजच्या जागी लिनक्स टाका की, फुकट आहे, हलकं आहे, व्हायरसची कटकट नाही. खोटं काहीच नाही त्यात, पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकायला चहा-पोहे होईपर्यंतचा वेळ पुरतो. खरी गोची त्यानंतर, जेव्हा मशीनचा मालक शांतपणे विचारतो, "बरं, आणि माझं पेजमेकर?"

हा प्रश्न आमच्या मामांचा. सांगलीकडे त्यांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, अधूनमधून एखादा दिवाळी अंक. हे सगळं ते ज्यात करतात त्या पेजमेकरची 7.0 आवृत्ती आली 2001 मध्ये, त्याच्यापुढची कधी निघालीच नाही, ते बनवणाऱ्या ॲडोबीने सगळा मोर्चा इनडिझाइन या आपल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवला. मामांनी नाही वळवला. याला हसणारे पुष्कळ आहेत पण त्यांनी एकदा मामांचं फोल्डर उघडून बघावं. युनिकोड, म्हणजे कुठल्याही फॉन्टात मराठी मराठीच राहील अशी पद्धत, रुळायच्या आधीचा मराठी मजकूर म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात 'म' बसलाय अंडरस्कोरच्या जागेवर, 'र' बसलाय स्मॉल ए च्या, आणि काना स्मॉल एम च्या. फॉन्ट आहे तोवर 'मराठी', फॉन्ट काढला की नुसता कचरा. अशा शेकडो फाइली, प्रत्येकीत वर गणपती, खाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', आणि तळाला चौकटीत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. कन्व्हर्टर मिळतात, मजकूर युनिकोडात येतोही, पण ओळी सरकतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, चौकट फुटते, आणि गिऱ्हाईक तर दारात उभं असतं की थोरल्याच्या पत्रिकेसारखीच करा, फक्त नावं आणि मुहूर्त बदला.

तर प्लॅटफॉर्म बदलायचा म्हणजे नवीन काय येतंय ते कमी आणि जुनं कसं टिकवायचं तेच जास्त. आणि मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे जुनं जे टिकवतात ते खोटं बोलून टिकवतात.

वाइन बघा. हा लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारा प्रकार, 1993 पासून लोक त्याच्यावर काम करतायत, 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं, म्हणजे पोरगं दहावीला बसेल एवढा काळ. तो करतो काय, तर जुना प्रोग्राम विचारतो सी ड्राइव्ह कुठाय, वाइन म्हणतो हा काय. प्रत्यक्षात ते तुमच्या होम फोल्डरच्या पोटात दडवलेलं एक साधं फोल्डर असतं. प्रोग्राम विचारतो हे विंडोज 98 च ना, वाइन म्हणतो अर्थात. विसराळू झालेल्या आजोबांना घरातले जसे सांगतात ना, हो हो, दुकान आपलंच आहे, गल्ल्यावर दादा बसलाय, अगदी त्या सुरात. आजोबा खूश, जेवतात, झोपतात.

मामींचा एक कुंडलीचा प्रोग्राम आहे, विंडोज 3.1 च्या जमान्यातला, 16 बिटी. 64 बिट विंडोजवर असला प्रोग्राम चालतच नाही, दाराबाहेरूनच परत पाठवतात. मामींनी ती फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर जपून आणलेली वस्तू मी वाइनखाली डबल क्लिक केली आणि ती करड्या रंगाची खिडकी, ती जाडी बटणं, सगळं जसंच्या तसं समोर. म्हणजे विंडोजचा जुना प्रोग्राम विंडोजवर चालेना आणि लिनक्सवर चालला! मामींना यात काही विशेष वाटलं नाही, त्या लगेच कुणाचे तरी गुण जुळवायला बसल्या.

तसं विंडोजवाल्यांनीही एके काळी जुन्याचे लाड कमी केलेले नाहीत. सिमसिटी हा गेम एकदा सोडून दिलेली मेमरी परत वापरायचा, आधी ते खपून जायचं, विंडोज 95 मध्ये खपलं नसतं. मग त्यांनी काय केलं, तर सिमसिटी चालू झालाय असं दिसलं की मेमरी जरा वेगळ्या पद्धतीने सांभाळायची अशी खास सोय विंडोजमध्येच करून ठेवली. चूक गेमवाल्याची आणि निस्तरतंय कोण! ॲपलने तर तीनदा चिपच बदलली, 1994 ला पॉवरपीसी, 2006 ला इंटेल, 2020 ला स्वतःची, आणि दर वेळी जुन्या प्रोग्रामांसाठी मध्ये एक दुभाष्या बसवला. फक्त त्यांच्याकडे दुभाष्याची नोकरी कायम नसते. इंटेलच्या वेळचा रोझेटा नावाचा दुभाष्या त्यांनी 2011 च्या लायन आवृत्तीत घरी पाठवला, आणि ज्यांचं काम त्याच्यावर अडलेलं होतं त्यांनी बसायचं बोंबलत.

पेजमेकर मात्र मी वाइनच्या भरवशावर सोडलं नाही. लग्नसराईत नसते प्रयोग नकोत. व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रकार, टाकलं, त्यात मामांच्याच जुन्या सीडीवरून विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर, त्यात फॉन्ट. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 लाच संपलाय म्हणून त्याचं इंटरनेट बंद, फक्त एक शेअर फोल्डर, आतून पीडीएफ काढायची आणि लिनक्सवरून प्रिंट द्यायची. अडलं ते डोंगलपाशी. आता कोणत्या कंपनीचं ते जाऊ दे, पण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं आणि वर त्याच्याबरोबर आलेला तो यूएसबीचा तुकडा जन्मभर सांभाळायचा, तो हरवला की तुम्ही चोर. तो तुकडा थेट आतल्या एक्सपीच्या हवाली करावा लागतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये तशी सोय आहे, पण लिनक्सवर आपला युजर व्हर्च्युअलबॉक्सच्या ग्रुपमध्ये घालून परत लॉगिन करेपर्यंत यादीत काही दिसतच नाही आणि माणूस उगाच पोर्ट बदलत बसतो. ते एकदाचं जमलं, डोंगलचा हिरवा दिवा लागला, आणि मामांनी खुर्ची पुढे ओढली.

आता सकाळी मशीन चालू झालं की एक्सपी आपोआप फुल स्क्रीन येतो, तेच हिरवं माळरान, तोच स्टार्ट. मामा सगळ्यांना सांगतात की विंडोज नवीन टाकून घेतलंय, आणि मीही ते खोडून काढत नाही.

परवा त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता, म्हणाला बाबा हे काय जुनाट, नवीन मॅक घेऊ या. मी म्हटलं घ्या ना, पण इथं इंटेलच्या चिपवर इंटेलचाच एक्सपी आहे म्हणून पळतोय, मॅकची चिप वेगळ्याच घराण्यातली, तिथे एक्सपीच्या एकेका सूचनेचं भाषांतर करत बसावं लागणार, चालेल पण हळू चालेल. मामांनी मान वर न करता विचारलं, "हळू म्हणजे किती? गोंधळ्यांची पत्रिका शुक्रवारी द्यायचीय."